४,२९,४९,६७,२९७ : या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर एकाच संख्येचे गणिती गुणधर्म सविस्तर दिले आहेत. सगळीकडे ^ हे चिन्ह घातासाठी वापरले आहे, म्हणजे २^५ = ३२. 'बाकी −१' असे जिथे लिहिले आहे तिथे भाजकापेक्षा एकाने कमी अशी बाकी समजावी. उदाहरणार्थ, ६४१ ने भागल्यावर ६४० उरले तर बाकी −१. ही सवय लावून घेतली की पुढचे बरेच हिशेब निम्म्यावर येतात.

ही संख्या वाचायची कशी आणि ती येते कुठून?

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. अंक दहा. ती म्हणजे २^३२ + १. द्विमान पद्धतीत लिहिली तर दोन टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्ये, असे एकूण ३३ अंक होतात. पुढे येणारा जवळपास प्रत्येक गुणधर्म या रूपातून निघतो. म्हणून दशमान अंकांकडे बघत बसण्यापेक्षा २^३२ + १ हेच रूप डोळ्यासमोर ठेवावे.

हिला 'पाचवी फर्मा संख्या' का म्हणतात?

२ चा घातांक स्वतः २ चाच घात असेल आणि वर १ मिळवला, तर मिळणारी संख्या ती फर्मा संख्या. घातांक १, २, ४, ८, १६ घेतले की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मिळतात. मोजणी शून्यापासून असल्यामुळे या फ० ते फ४ झाल्या, आणि घातांक ३२ ची ती फ५. पहिल्या पाचही मूळ संख्या आहेत. त्यावरून पिएर द फर्मा यांनी १६४० च्या सुमारास पत्रांतून असे मत मांडले की या प्रकारच्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. सिद्धता त्यांच्याकडे नव्हती, आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले.

मग ही मूळ आहे की संयुक्त?

संयुक्त. लेओनार्ड ऑयलर यांनी १७३२ मध्ये तिचे अवयव दिले:

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

दोन्ही अवयव मूळ आहेत, त्यामुळे यापुढे फोड होत नाही.

भागाकार हाताने करून पाहिला तर उत्तर ६७,४१७ येते. कुठे चुकते?

भागाकारातली दोन शून्ये गळतात. पायऱ्या अशा आहेत:

४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, उरले ४४८. पुढचा ९ घेऊन ४४८९, सात वेळा, उरले २. पुढचा ६ घेऊन २६, भाग जात नाही, ० लिहा. पुढचा ७ घेऊन २६७, तरीही जात नाही, पुन्हा ० लिहा. पुढचा २ घेऊन २६७२, चार वेळा, उरले १०८. पुढचा ९ घेऊन १०८९, एकदा, उरले ४४८. शेवटचा ७ घेऊन ४४८७, सात वेळा, उरले ०.

उत्तर ६७,००,४१७. ही चूक नेहमीच्या पडताळ्यातून निसटते. नवाच्या पडताळ्यात अंकांची बेरीज पाहतात, आणि शून्य गळल्याने बेरीज बदलत नाही: दोन्हींची २५. अकराच्या पडताळ्यात एकाआड एक अंक वजा करतात, पण शेजारशेजारची दोन शून्ये एकदम गळाल्यामुळे तिथेही फरक पडत नाही. दोन्हींचे ९ येतात. चूक पकडायची असेल तर अंदाज घ्यावा. सुमारे ४३० कोटींना सुमारे ६५० ने भागले तर उत्तर ६६ लाखांच्या आसपास यायला हवे. ६७ हजार आले तर कुठेतरी दोन स्थाने हरवली आहेत.

पूर्ण भागाकार न करता ६४१ चा भाग जातो हे दाखवता येईल का?

दोन रस्ते आहेत. पहिला नुसता वर्ग करत जाण्याचा. प्रत्येक वेळी ६४१ ने भागून फक्त बाकी ठेवायची.

२^२ = ४
२^४ = १६
२^८ = २५६
२^१६ = ६५,५३६; यातून ६४१ × १०२ = ६५,३८२ वजा केले, बाकी १५४
२^३२ : १५४ × १५४ = २३,७१६; यातून ६४१ × ३६ = २३,०७६ वजा केले, बाकी ६४०

६४० मध्ये १ मिळवला की ६४१, म्हणजे बाकी शून्य. संपूर्ण कामात सहा अंकी संख्यासुद्धा येत नाही.

दुसरा रस्ता फार देखणा आहे. ६४१ दोन प्रकारे लिहिता येते: ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४ (६२५ + १६). पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. तिचा चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. म्हणून −२^४ × २^२८, म्हणजे −२^३२ ची बाकी १ येते. तीच गोष्ट फिरवून लिहिली तर २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. यात एकही मोठी संख्या लिहावी लागली नाही.

पण ६४१ सुचलेच कसे? एकेक मूळ संख्या तपासत गेले का?

तसे करण्याची गरज नाही, आणि या संख्येकडून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. तिच्या विभाजकांवर कडक बंधन असते.

समजा, प हा तिचा मूळ विभाजक आहे. मग प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ येते, आणि वर्ग केल्यावर २^६४ ची बाकी १. २ चा कोणता सर्वांत लहान घात बाकी १ देतो, ते पाहू. तो घातांक ६४ चा विभाजक असला पाहिजे. तो ३२ किंवा त्याहून लहान असता तर २^३२ चीही बाकी १ आली असती. ती −१ आहे. म्हणून तो घातांक नेमका ६४. आता फर्माचे छोटे प्रमेय सांगते की २^(प−१) ची बाकी १ असते, म्हणून प−१ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. थोडक्यात प हा ६४क + १ या रूपाचा असतो. ही सिद्धता ऑयलर यांची.

एदुआर ल्यूका यांनी १८७८ मध्ये हे बंधन आणखी घट्ट केले. प ला ८ ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि अशा मूळ संख्येसाठी २ ही कोणत्यातरी वर्गाची बाकी असते. त्यामुळे २^((प−१)/२) ची बाकीही १ येते, म्हणून (प−१)/२ लासुद्धा ६४ ने भाग जातो, आणि प हा १२८क + १ या रूपाचा ठरतो.

आता यादी करून पाहा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यातले १२९, ३८५ आणि ५१३ संयुक्त आहेत. उरले २५७ आणि ६४१. म्हणजे दुसऱ्याच प्रयत्नात काम होते. नुसते ऑयलर यांचे ६४क + १ वापरले तरी १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ असे पाचच भागाकार लागतात.

हे बंधन माहीत नसते तर किती भागाकार करावे लागले असते?

२ पासून क्रमाने गेलो तर ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. संख्या खरोखरच मूळ असती, तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या.

६७,००,४१७ मूळ आहे याची खात्री कशी करायची?

तेच बंधन पुन्हा वापरून. मोठ्या अवयवाचा मूळ विभाजक हा आपल्या संख्येचाही विभाजक असतो, म्हणून तोही १२८क + १ रूपाचाच हवा. ६७,००,४१७ चे वर्गमूळ २,५८८ च्या जरा पुढे आहे. तिथपर्यंत या रूपाच्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. भागून पाहिले की बाकी अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येते. एकही शून्य नाही, म्हणून ती मूळ. कागदावर दहा मिनिटांचे काम आहे.

या यादीत १,५३७ (२९ × ५३), १,७९३ (११ × १६३) आणि १,९२१ (१७ × ११३) या संख्या मूळ वाटून फसवतात. त्यांनी भागून पाहिले तर चूक होत नाही, फक्त कष्ट वाया जातात. उलट मूळ संख्या संयुक्त समजून गाळली तर सिद्धताच अपुरी राहते. शंका असेल तेव्हा भागून मोकळे व्हावे.

३, ७, ११, १३ च्या नेहमीच्या कसोट्या लावल्या तर काय मिळते?

अंकांची बेरीज ५९, म्हणून ९ ने भागल्यावर बाकी ५ आणि ३ ने भागल्यावर २. शेवटचा अंक ७ असल्याने ५ ने भागल्यावर बाकी २. पूर्ण वर्गाच्या शेवटी ७ कधीच येत नाही, म्हणून ही पूर्ण वर्ग नाही.

७, ११ आणि १३ यांसाठी एकच हिशेब पुरतो, कारण ७ × ११ × १३ = १,००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने अधिक-उणे करा: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. त्यावरून ७ ने बाकी ५, ११ ने बाकी ५, १३ ने बाकी १०. इथे एक चूक हमखास होते. आपण स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने देतो, आणि ते गट (४ | २९ | ४९ | ६७ | २९७) जसेच्या तसे उचलले की उत्तर चुकते. आधी स्वल्पविराम काढून टाका, मग तीन-तीनचे गट पाडा.

आधीच्या फर्मा संख्यांनी भागले तर प्रत्येक वेळी बाकी २ येते. हा योगायोग आहे का?

नाही. ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी. कारण (२^१६ − १)(२^१६ + १) = २^३२ − १, आणि २^१६ − १ ची फोड पुन्हा तशीच करत खाली जाता येते. म्हणून या पाचांपैकी कोणत्याही संख्येने भागले तरी २ उरतात. यातूनच कळते की कोणत्याही दोन फर्मा संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो. असला तर त्याने २ ला भाग गेला असता, आणि फर्मा संख्या तर सगळ्या विषम. मूळ संख्या अनंत आहेत याची एक सुटसुटीत सिद्धता यातून लगेच मिळते: प्रत्येक फर्मा संख्येला किमान एक नवा मूळ अवयव लागतो. वरच्या यादीतले २५७ हे त्यामुळे आधीच गाळता येते, आणि ६४१ हा पहिलाच प्रयत्न ठरतो.

विभाजक किती, आणि त्यांची बेरीज किती?

विभाजक चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती संख्या स्वतः. चौघांची बेरीज ६४२ × ६७,००,४१८ = ४,३०,१६,६८,३५६. स्वतःला वगळले तर ६७,०१,०५९ उरतात. हे आपल्या संख्येपेक्षा फारच कमी आहे, म्हणून ती न्यून संख्या आहे; परिपूर्ण असण्याचा प्रश्नच येत नाही.

तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४० आहेत. या उत्तराची फोड २^१४ × ३ × ५ × १७,४४९. सहमूळ असलेली कोणतीही संख्या घेतली तरी तिच्या ३,३५,०२,०८० व्या घाताची बाकी १ येते. हा ६४० आणि ६७,००,४१६ यांचा लसावि. दोन्हींत २^७ सामाईक असल्याने लसावि गुणाकाराच्या १२८ व्या भागाइतकाच आहे.

ती दोन वर्गांची बेरीज आहे का?

आहे, आणि दोन वेगवेगळ्या प्रकारांनी:

६५,५३६² + १² = ४,२९,४९,६७,२९७
६२,२६४² + २०,४४९² = ४,२९,४९,६७,२९७

पहिला प्रकार रूपावरूनच दिसतो, कारण २^३२ हा २^१६ चा वर्ग. दुसरा कुठून आला हे समजण्यासाठी ब्रह्मगुप्ताचे समीकरण लागते. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात दिलेल्या व्यापक नियमाचा हा एक विशेष प्रकार आहे: दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणले की गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, आणि ती दोन रीतींनी लिहिता येते.

(अ² + ब²)(क² + ड²) = (अक + बड)² + (अड − बक)² = (अक − बड)² + (अड + बक)²

आपल्या दोन्ही अवयवांना ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून ते प्रत्येकी एकाच रीतीने दोन वर्गांची बेरीज होतात:

६४१ = २५² + ४²
६७,००,४१७ = २,५५६² + ४०९²

आता अ = २५, ब = ४, क = २,५५६, ड = ४०९ घाला. अक = ६३,९०० आणि बड = १,६३६; त्यांची बेरीज ६५,५३६, वजाबाकी ६२,२६४. अड = १०,२२५ आणि बक = १०,२२४; वजाबाकी १, बेरीज २०,४४९. दोन्ही प्रकार एकाच मांडणीतून बाहेर पडतात. १०,२२५ आणि १०,२२४ यांच्यातल्या एका एककाच्या फरकावर २^३२ + १ मधला तो '+ १' उभा आहे. शिवाय २०,४४९ स्वतः १४३ चा वर्ग आहे.

दुसरा प्रकार माहीत असेल तर त्यावरून अवयव काढता येतात का?

येतात. ४ ने भागल्यावर १ उरणारी मूळ संख्या एकाच रीतीने दोन वर्गांची बेरीज होते. म्हणून दोन रीती सापडल्या की संख्या संयुक्त आहे हे तिथेच सिद्ध झाले. अवयव काढण्याची कृती अशी:

१. सम संख्या समोरासमोर आणि विषम संख्या समोरासमोर ठेवा: ६५,५३६ आणि ६२,२६४, २०,४४९ आणि १. इथे जोड्या उलट्यासुलट्या झाल्या तर पुढचे मसावि विषम येतात आणि अर्धे करता येत नाहीत.
२. वजाबाक्या: ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि २०,४४९ − १ = २०,४४८. त्यांचा मसावि ८.
३. बेरजा: ६५,५३६ + ६२,२६४ = १,२७,८०० आणि २०,४४९ + १ = २०,४५०. त्यांचा मसावि ५०.
४. दोन्ही मसावि अर्धे करून वर्गांची बेरीज घ्या: ४² + २५² = ६४१.

दुसरा अवयवही समोरच आहे: ३,२७२ ÷ ८ = ४०९ आणि २०,४४८ ÷ ८ = २,५५६.

२ हा पाया घेऊन फर्माची कसोटी लावली तर 'मूळ असावी' असे उत्तर येते. कसोटी चुकीची आहे का?

कसोटी बरोबर आहे, पाया चुकीचा निवडला. तपासायच्या संख्येला 'न' म्हणू. कसोटी सांगते की 'न' ही मूळ असेल तर २^(न−१) ची बाकी १ येते. बाकी १ आली म्हणून 'न' मूळच, असे ती सांगत नाही. आपल्या संख्येत न−१ म्हणजे २^३२. २^६४ ची बाकी आधीच १ आहे, आणि २^३२ ला ६४ ने भाग जातो. त्यामुळे बाकी १ येणे अटळ आहे. मिलर-राबिन कसोटीसुद्धा पाया २ वर हिला पास करते, कारण १, २, ४, ८ असे घातांक दुप्पट करत गेल्यावर ३२ व्या घाताला बाकी नेमकी −१ मिळते, आणि कसोटीला तेवढेच हवे असते. प्रत्येक फर्मा संख्या, मूळ असो वा संयुक्त, पाया २ वर पास होते. म्हणून इथे पाया ३ घ्यावा.

पाया ३ घेतल्यावर काय होते?

३ च्या न−१ व्या घाताची बाकी ३,०२,९०,२६,१६० येते. ती १ नाही, म्हणून संख्या संयुक्त, विषय संपला.

फर्मा संख्यांसाठी खास कसोटी पेपँ यांनी १८७७ मध्ये दिली: ३ च्या (न−१)/२ व्या घाताची बाकी −१ आली तरच संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. इथे घातांक २^३१, म्हणजे ३ पासून सुरू करून ३१ वेळा वर्ग करायचा. सुरुवात अशी होते: ९, ८१, ६,५६१, ४,३०,४६,७२१, ३,७९,३२,०१,४५८… आणि शेवटी १,०३,२४,३०३. हवी होती ४,२९,४९,६७,२९६. कसोटी अवयव देत नाही, निकाल मात्र पक्का देते.

त्या ३१ पायऱ्यांमध्ये दर वेळी दहा अंकी संख्येने भागायचे?

नाही. २^३२ ची बाकी −१ असल्यामुळे भागाकाराची जागा वजाबाकी घेते. कोणतीही मोठी संख्या वर × २^३२ + खाली अशी तोडा; बाकी = खाली − वर. उत्तर ऋण आले तर त्यात एकदा 'न' (आपली संख्या) मिळवा. ३^३२ चे उदाहरण घेऊ. ३^३२ = १,८५,३०,२०,१८,८८,५१,८४१. यात 'वर' ४,३१,४३९ आणि 'खाली' ३,७९,३६,३२,८९७. वजाबाकी ३,७९,३२,०१,४५८, म्हणजे वरच्या यादीतली पाचवी संख्या. संगणकावर 'वर' म्हणजे ३२ बिट उजवीकडे सरकवणे आणि 'खाली' म्हणजे शेवटचे ३२ बिट, त्यामुळे भागाकाराची सूचनाच लागत नाही.

आमच्या प्रोग्रॅममध्ये ही संख्या १ दिसते, किंवा बाकी शून्य येते. का?

चार वेगवेगळ्या जागी ही संख्या फसवते.

३२ बिटांच्या धन पूर्णांकात सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. आपली संख्या त्यात मावत नाही. वरचा बिट गळतो आणि खाली १ उरतो. ६४ बिटांचा प्रकार घ्या. फक्त चल ६४ बिटांचे करून पुरत नाही. उजवीकडचा हिशेब आधी ३२ बिटांतच होऊन मग साठवला जात असेल तर चूक तशीच राहते.

साध्या फ्लोट प्रकारात २४ बिटांचीच अचूकता असते. ३३ बिटांची ही संख्या त्यात गेली की शेवटचा १ हरवतो आणि ४,२९,४९,६७,२९६ उरते, म्हणजे दोनाचा शुद्ध घात. मग ती सम दिसते.

डबल प्रकारात ५३ बिट असल्याने संख्या स्वतः अचूक राहते, पण बाक्यांचा गुणाकार २० अंकांपर्यंत जातो आणि शेवटचे अंक बदलतात. स्प्रेडशीट १५ अंकांपलीकडे अचूक नसते, त्यामुळे तिथेही तेच.

चौथी जागा सर्वांत कपटी आहे. ६४ बिटांच्या धन पूर्णांकात बाक्यांचे वर्ग करताना सगळे सुरळीत चालते, फक्त एक बाकी सोडून: −१, म्हणजे २^३२. तिचा वर्ग बरोबर २^६४, आणि ६४ बिटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा तो नेमका १ ने जास्त. म्हणून उत्तर १ च्या ऐवजी ० येते. एका मोठ्या तपासणीत ही बाकी क्वचितच येते, म्हणून चूक लवकर दिसत नाही. पण पाया २ घेतला की ३२ व्या घाताला ती येतेच. उपाय दोन: १२८ बिटांचा मधला गुणाकार वापरा, किंवा वर्ग करण्याआधी बाकी न−१ आहे का ते पाहून थेट १ ठेवा.

वर्गांच्या वजाबाकीची पद्धत वापरली तर संगणक बराच वेळ चालतच राहतो. पद्धत योग्य आहे ना?

पद्धत योग्य आहे, या संख्येसाठी गैरसोयीची आहे. फर्मा यांची ही पद्धत अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हा झटपट चालते. इथे एक अवयव तीन अंकी आणि दुसरा सात अंकी. न = अ² − ब² या मांडणीत अ = ३३,५०,५२९ आणि ब = ३३,४९,८८८, आणि शोध ६५,५३७ पासून सुरू होतो. म्हणजे ३२,८४,९९३ प्रयत्न. न ला ४ ने भागल्यावर १ उरतो म्हणून अ विषमच हवा; सम किमती गाळल्या तरी १६,४२,४९७ उरतात. नुसत्या क्रमवार भागाकारात ११६ लागले होते.

अवयव शोधण्याची पोलार्ड यांची 'प वजा १' पद्धत चालते का?

ती इथे उत्तम चालते, कारण ६४१ − १ = ६४० = २^७ × ५, सगळे अवयव लहान. ३^६४० ची न ने येणारी बाकी काढा, त्यातून १ वजा करा, आणि न शी मसावि घ्या: ६४१ मिळतो. पाया २ मात्र इथेही घेऊ नका. २ च्या ६४ व्या घाताला दोन्ही अवयवांची बाकी एकाच वेळी १ होते, त्यामुळे मसावि १ वरून थेट न वर उडी मारतो आणि अवयव हाती लागत नाही.

कंपास आणि पट्टीने इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो का?

तत्त्वतःही नाही. गाउस यांनी १७९६ मध्ये १७ बाजूंचा बहुभुज काढता येतो हे दाखवले. वांझेल यांनी १८३७ मध्ये अटीची दुसरी बाजू सिद्ध केली. बाजूंच्या संख्येतले विषम मूळ अवयव वेगवेगळे आणि सगळे फर्मा मूळ संख्याच असले पाहिजेत. ६४१ तसा नाही. दोनच बाजू कमी केल्या की चित्र पालटते: ४,२९,४९,६७,२९५ हा पाचही ज्ञात फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार आहे, आणि रचना शक्य असलेल्या ज्ञात विषम बाजूंच्या बहुभुजांमध्ये तो सर्वांत मोठा आहे.

१ ÷ ६४१ चा दशांश किती अंकांनी पुन्हा सुरू होतो?

३२ अंकांनी. १०^८ ची बाकी १५४, आणि १५४ च्या वर्गाची बाकी −१ हे वर आलेच आहे. म्हणून १०^१६ ची बाकी −१ आणि १०^३२ ची १. त्यामुळे पहिल्या १६ अंकांत पुढचे १६ अंक क्रमाने मिळवले की प्रत्येक जागी ९ येतात.

पुढच्या फर्मा संख्यांचेही असेच अवयव सापडले आहेत का?

फ६ चे अवयव लँड्री यांनी १८८० मध्ये दिले: २,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. तिथे विभाजक २५६क + १ रूपाचे असतात, आणि लहान अवयवासाठी क = १,०७१. फ५ मध्ये क फक्त ५ होता. हाताने शोधण्याच्या कष्टातला फरक यावरून ध्यानात येतो. फ७ साठी १९७० साल आणि संगणक लागला. फ५ पासून फ३२ पर्यंतच्या सगळ्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, पण फ२० आणि फ२४ यांचा एकही मूळ अवयव हाती लागलेला नाही. त्या संयुक्त असल्याचे पेपँ यांच्याच कसोटीने कळले. फ३३ चा निकाल खुला आहे. तिच्यात अडीच अब्जांहून जास्त अंक आहेत, आणि कसोटीला एकामागून एक साडेआठ अब्जांहून जास्त वर्ग करावे लागतील, तेही तेवढ्याच लांबीच्या संख्यांचे.